सीमांतपूजन आणि श्रीमंतपूजन

शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबईचे बेट जिथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी दिसत होती, त्या जागेला लोकांनी वेगळे नाव ठेवलेच नाही. पुढे परक्यांच्या जिभेवर शिवेचे 'सायन' झाले, खाडीवर बांध पडला, बेट बेट राहिले नाही. नाव मात्र टिकले. हद्दीशी जोडलेला आणखी एक शब्द आपल्या बोलण्यात आहे. लग्नाला आलेल्या वरपक्षाला गावच्या शिवेवर सामोरे जायचे, म्हणून तो विधी सीमांतपूजन. बोलता बोलता त्याचे 'श्रीमंतपूजन' झाले. शिवेवर ज्याला सामोरे जायचे तो श्रीमंतच असणार, असे जिभेने परस्पर ठरवून टाकले. आज ज्या मताचे खंडन करायला बसले आहे, ते मतही असेच नकळत घडले आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य विद्यापीठांत एक नवी शिक्षणपद्धत रुजली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी एखाद्या गरीब देशातला आरोग्याचा प्रश्न निवडतात, वर्गात यंत्राचा आराखडा करतात, काही आठवडे त्या देशात जाऊन रुग्णालये आणि वस्त्या पाहतात आणि परत येऊन यंत्र सुधारतात. एमआयटीची डी-लॅब, स्टॅनफर्डचा अत्यल्प खर्चातल्या रचनेचा अभ्यासक्रम, टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचे 'राइस ३६०', जॉन्स हॉपकिन्सचे जैव-अभियांत्रिकी केंद्र ही त्यातली ठळक नावे. या वर्गांत आता मराठी मुलेमुलीही बसतात, आणि त्यांच्या यंत्राची बातमी आपल्याकडे 'गरिबांसाठी वरदान' अशा मथळ्याखाली येते. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि त्याच्या शेजारची धारावी ही जोडी अशा गटांना खुणावणार, हे साहजिकच आहे.

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले आहे. बाहेरून आलेल्या गटांबरोबर दुभाषी म्हणून वॉर्डांतून आणि गल्लीबोळांतून हिंडले आहे. या क्षेत्रकार्यावर माझे प्रेम आहे. म्हणूनच बाहेरच्याच्या स्वस्त यंत्राने गरिबांचे जीव वाचतात, हे त्याच्या नावाने रूढ झालेले चुकीचे मत तसेच सोडून देणे मला जमत नाही.

पूर्वपक्ष

प्रतिपक्षाला आधी दुबळे करायचे आणि मग पाडायचे, यात पुरुषार्थ नाही. म्हणून त्याचे म्हणणे त्याच्या भक्कम रूपातच मांडते.

तो म्हणतो: पहिली गोष्ट, गरीब देशांतली माणसे मरतात कारण यंत्रे महाग आहेत, किंमत उतरली की यंत्र पोचते आणि जीव वाचतो. दुसरी, रोज तेच पाहणाऱ्यांची नजर बोथट होते. बाहेरून आलेल्या तरुणाला पहिल्याच दिवशी जे दिसते ते तिथल्या डॉक्टरला दहा वर्षांत दिसत नाही. तिसरी, सरकारी व्यवस्था सुधारायला पिढ्या लागतात. यंत्र मात्र त्या व्यवस्थेला वळसा घालून थेट रुग्णापर्यंत पोचू शकते. आणि चौथी, समजा यंत्र नाही चालले, तरी बिघडले काय? मुले शिकली, त्यांच्या मनात कणव जागी झाली, कोणाचे नुकसान तर झाले नाही.

त्याच्याजवळ पुरावाही आहे. राइस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी मत्स्यपेटीत हवा सोडायचे दोन छोटे पंप एका प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवले आणि नवजात बाळाची फुप्फुसे हलक्या दाबाने उघडी ठेवणारे यंत्र उभे केले. त्यातून 'पुमानी' तयार झाले. आफ्रिकेतल्या मलावी देशात, ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात त्याचा अभ्यास झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. श्वासाचा गंभीर त्रास असलेल्या ज्या नवजात बाळांना नळीने नुसता प्राणवायू मिळाला त्यांतली ४४ टक्के जगली. या यंत्रावर ठेवलेल्यांतली ७१ टक्के. हा आकडा किरकोळ नाही. त्यामागे आया आहेत, घरी गेलेली बाळे आहेत. त्याला मी मान तुकवते.

आता उत्तर देते.

किंमत हा अडसर आहे का?

यंत्र नसल्यामुळे माणसे मरतात, हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे रुग्णालयाच्या अडगळीच्या खोलीत असते. ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मॅल्किन आणि त्यांच्या सहकारी लोरा पेरी यांनी २०११ मध्ये गरीब देशांतल्या वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांत १,१२,०४० उपकरणे होती आणि त्यांतली ३८.३ टक्के बंद होती. दर पाचांत जवळपास दोन. ही यंत्रे विकत घेतलेली किंवा दान आलेली होती. म्हणजे किंमत कोणी ना कोणी चुकवलेली होती. ती बंद का पडली? चालवायला शिकवलेले कोणी नव्हते, देखभालीची व्यवस्था नव्हती, वीज-पाण्याचा भरवसा नव्हता. या तिन्हींपैकी एकही कारण यंत्र स्वस्त केल्याने दूर होत नाही.

त्याआधी, २०१० मध्ये, मॅल्किन यांनीच आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. अकरा देशांतल्या साठ रुग्णालयांतून दुरुस्तीच्या २,८४९ मागण्या आल्या होत्या. त्या तपासून पाहिल्या तेव्हा दिसले की बंद उपकरणांपैकी ६६ टक्के उपकरणे केवळ १०७ मूलभूत कौशल्यांच्या बळावर पुन्हा चालू करता येतात. फ्यूज बदलणे, वायर जोडणे, तुंबलेली नळी मोकळी करणे, बटण कसे वापरायचे ते समजावणे, असल्या गोष्टी. आणि या नोंदी कुठून आल्या? सुट्टीत परदेशातल्या रुग्णालयांत जाऊन बंद यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून. वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. विद्यार्थ्यांच्या परदेशी क्षेत्रकार्यातून निघालेल्या सर्वांत मोलाच्या निष्कर्षांपैकी हा एक आहे, आणि त्यात नवे यंत्र एकही नाही. त्यात आहे ती एक यादी.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. 'डिझाइन दॅट मॅटर्स' या संस्थेने मोटारीच्या सुट्या भागांपासून बाळाला ऊब देणारी पेटी बनवली. उष्णतेसाठी मोटारीचे पुढचे दिवे, वाऱ्यासाठी तिचाच पंखा. मोटार दुरुस्त करणारा माणूस जगात सगळीकडे सापडतो, तोच ही पेटीही दुरुस्त करील, ही कल्पना बुद्धिमान होती. २०१० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने तिला वर्षातल्या पन्नास उत्तम शोधांत बसवले. ती पेटी कारखान्यात कधीच तयार झाली नाही. संस्थेचे प्रमुख टिमोथी प्रेस्टेरो यांनी पुढे जाहीर व्याख्यानात याची कबुली दिली: वापरणाऱ्याचा विचार झाला, बनवणार कोण, विकत घेणार कोण, रुग्णालयात ठेवायचे ठरवणार कोण, यांचा झाला नाही. अशी कबुली द्यायला मोठे मन लागते. प्रतिपक्षाने निदान ती ऐकावी.

ताजी नजर

बाहेरच्याला नवे दिसते, हे खरे. पण दिसणे आणि कळणे यांत अंतर असते, आणि ते अंतर दिवसांनीच कापता येते.

स्टॅनफर्डचे उदाहरण प्रतिपक्षाला फार प्रिय आहे, म्हणून तेच घेते. २००७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला काम मिळाले: अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी वीस हजार डॉलरची काचेची पेटी स्वस्त करून दाखवा. गटातले लोक काठमांडूला गेले. रुग्णालयात त्यांना दिसले की दान आलेल्या काचेच्या पेट्या रिकाम्या पडल्या आहेत. थंडीने दगावणारी बाळे त्या पेट्यांपर्यंत पोचतच नव्हती. ती दूरच्या खेड्यांत, घरीच जन्मत होती आणि घरीच जात होती. गटाने प्रश्नच बदलला. पेटी स्वस्त करायची नाही. घरात, विजेशिवाय, आईच्या हाताशी राहील अशी ऊब शोधायची. त्यातून मेणासारख्या पदार्थाची ऊब धरून ठेवणारी 'एम्ब्रेस' ही पिशवी निघाली.

या प्रवासाचे खरे फळ कोणते? पिशवी पुढची. काठमांडूत हाती आले ते एवढेच, की आपण चुकीचा प्रश्न घेऊन आलो होतो. आणि पिशवी तरी त्या प्रवासात झाली का? नाही. गटातले लोक पुढे बंगळुरूला येऊन राहिले, वर्षानुवर्षे आयांना भेटत राहिले. पिशवीवर तापमानाचे आकडे होते तेव्हा एका आईने सांगितले की डॉक्टरांची औषधे फार कडक असतात असे आम्ही मानतो, म्हणून सांगितलेल्यापेक्षा थोडी कमीच देतो. सदतीस सांगितले तर मी तीसवर ठेवीन. तेव्हा आकडे गेले आणि त्यांच्या जागी 'ठीक आहे' आणि 'ठीक नाही' एवढीच खूण आली. त्या आईचे वाक्य पहिल्या भेटीत मिळाले असते का? आपल्या माणसाशीही पहिल्या भेटीत असे कोणी बोलत नाही.

हे मी स्वतः पाहिले आहे. एका सार्वजनिक रुग्णालयात, एका परदेशी गटाबरोबर, गर्भवतींचा रक्तदाब मोजून तो मोबाइलवर पाठवणारे यंत्र घेऊन आम्ही बसलो होतो. मी प्रश्न मराठीत करीत होते. समोर सातव्या महिन्यातली एक बाई. "हे यंत्र तुम्हाला घरी वापरायला आवडेल का?" ती म्हणाली, "हो, चांगलं आहे की." गटातल्या मुलीने वहीत बरोबरची खूण केली. पुढचा प्रश्न, "मोबाइल वापरता का?" "हो." पुन्हा खूण. मुलगी दुसऱ्या खाटेकडे वळल्यावर त्या बाईने माझा पदर ओढला. हातात घडी पडून पडून मऊ झालेला केसपेपर होता. "ताई, हा कुठल्या खिडकीवर द्यायचा ते तेवढं सांगा ना. सकाळपासून तीन ठिकाणी पाठवलं." मी खिडकी दाखवायला तिच्याबरोबर गेले, तेव्हा वाटेत तिने सांगितले की फोन यांच्याकडे असतो, ते रात्री घरी येतात.

वहीत दोन खुणा होत्या. दोन्ही खोट्या होत्या, आणि खोटे कोणीच बोलले नव्हते. दारी आलेल्या पाहुण्याला, तोही एवढ्या लांबून आलेला, तोंडावर नाही म्हणायचे नाही, हे तिचे संस्कार होते. तिची गरज यंत्राची नव्हती. तिला खिडकी सापडत नव्हती. ताज्या नजरेला ती खिडकी दिसली नाही, कारण नजर यंत्रावर होती.

राहणाऱ्यांचा इतिहास आपल्याच शहरात आहे. वाल्डेमार हाफकिन हा परदेशी शास्त्रज्ञ १८९६ मध्ये प्लेगच्या मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आपल्या लसीचे पहिले टोचण स्वतःच्या अंगावर घेतले. तीन महिन्यांत लस, असे प्रतिपक्ष म्हणेल. पण तो १८९३ मध्येच भारतात आला होता, पटकीची लस टोचत हिंडला होता, इथले हवामान आणि लोकांच्या शंका या दोन्हींशी त्याची गाठ पडली होती. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळला आली, आणि आजही ती संस्था त्याच्याच नावाने ओळखली जाते. मुंबई परक्याला नाव देते. तो राहिला तर.

व्यवस्थेला वळसा

प्रतिपक्षाचा सर्वांत मोहक युक्तिवाद हा आहे. व्यवस्था खराब आहे, तर यंत्राने तिला वळसा घालावा. पण ज्या 'पुमानी'ला मी मान तुकवली, ते यंत्र तरी वळसा घालून चालले का? ते चालले मोठ्या रुग्णालयाच्या नवजात-कक्षात. तिथे परिचारिका होत्या, डॉक्टर होते, आणि यंत्र घडवताना ते सारे बरोबर होते. राइसच्या मंडळींनी पुढे काय केले? आणखी एक यंत्र काढून ते थांबले नाहीत. 'नेस्ट ३६०' या उपक्रमात त्यांनी मलावी, केनिया, टांझानिया आणि नायजेरिया या देशांतल्या संस्थांबरोबर यंत्रांचा पूर्ण संच, परिचारिकांचे प्रशिक्षण, दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ आणि नोंदींची पद्धत हे सारे एकत्र हाती घेतले. यंत्राच्या सर्वांत यशस्वी कर्त्यांनी स्वतःच व्यवस्थेची वाट धरली. मग त्यांच्या नावाने वळशाचा पुरस्कार कोणत्या न्यायाने करायचा?

गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि राणी बंग हे दोघेही जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले. परदेशी जाऊन शिकण्याचे हे आपल्याकडचे उत्तम उदाहरण. मग ते परतले आणि गडचिरोलीत राहिले. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावे लागते: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास किंवा जास्त म्हणजे धोका. गावातल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजण्याची सवय नव्हती. उपाय काय निघाला? एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत सगळे मणी सरकले तर बाळाला न्यूमोनिया आहे. बॅटरी नाही, पडदा नाही, दुरुस्तीही नाही. दाईला दहापर्यंत मोजता येते, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हे यंत्र सुचते. आणि ते कळायला दाईच्या अंगणात बसावे लागते.

पुढे याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, घरोघर नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. पाठीवरच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्तींच्या कामात घेतली. 'एम्ब्रेस'च्या आधी जवळपास दशकभर उबदार पिशवी गडचिरोलीत होती. पण बाळ वाचले ते नुसत्या पिशवीने नाही. पिशवी घेऊन ठरलेल्या दिवशी दारात उभी राहणारी बाई होती म्हणून वाचले. व्यवस्थेला वळसा घातला गेला नाही. ओसरीवर व्यवस्था नव्याने उभी केली गेली.

आणि आता शीव. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशिया खंडातली पहिली. पेढीत यंत्रे कोणती आहेत ते पाहा. दूध काढायचा पंप. तो नसेल तर आईचे हात आणि उकळलेली वाटी. दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवणारी, सतत हलती ठेवणारी पाण्याची टाकी. जिवाणू तपासायची प्रयोगशाळा. उणे वीस अंशांचे शीतकपाट. यातले एकही उपकरण कोणी विद्यार्थ्याने गरिबांसाठी नव्याने शोधलेले नाही. आणि ज्या बाळाला चोखायची ताकद नाही त्याला पाजायला अनेक नवजात-कक्षांत काय वापरतात? दक्षिणेतले पालाडै, म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. आपल्या आज्यांच्या फडताळात तिचीच बहीण होती: बोंडले. बाटलीच्या बुचात साठतो तसा मळ बोंडल्यात साठत नाही, ते उकळता येते आणि कल्हईवाल्याखेरीज त्याला कोणाची दुरुस्ती लागत नाही.

मग शीवचा शोध कोणता? शोध हा, की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्गापासून वाचवायचे तर बाटली दूर करायची आणि आईला कक्षात आत घ्यायचे. शोध हा, की बाळंतिणीच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसणारी एक सिस्टर किंवा समुपदेशक लागते, जी म्हणते, "तुझं बाळ पिऊन उरलेलं थोडं दे, पलीकडच्या बाळाच्या आईला अजून दूध उतरलं नाही." ते संभाषण नसेल तर टाकी, प्रयोगशाळा आणि शीतकपाट मिळून रिकामी पेढी होते. काठमांडूच्या रिकाम्या काचेच्या पेट्यांसारखी.

नुकसान काय?

चौथा युक्तिवाद दयाळू वाटतो. यंत्र फसले तरी मुले शिकली. पण शिकवणीचे शुल्क कोणी भरले?

ते भरले वॉर्डातल्या सिस्टरने, जिच्याकडे आधीच खाटांपेक्षा जास्त रुग्ण असतात आणि तरी तिने तासभर पाहुण्यांना कक्ष दाखवला. ते भरले त्या बाईने, जिने खिडकीचा शोध थांबवून प्रश्नांची उत्तरे दिली. पुढच्या वर्षी नवा गट नवे यंत्र घेऊन येतो, तेव्हा मागच्या यंत्राचे काय झाले हे सिस्टरला सांगायला सहसा कोणी येत नाही. तिसऱ्या वर्षी ती हसून "छान आहे" म्हणते आणि आपल्या कामाला लागते. विश्वासाचा हा झरा आटला की त्यानंतर येणारा खरा संशोधकही तहानलेला परततो. हे नुकसान नाही का?

एक साधी कसोटी लावून पाहा. मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाची तिसऱ्या वर्षाची मुले सहा आठवड्यांसाठी बॉस्टनला गेली, आपण बनवलेले यंत्र घेऊन तिथल्या प्रसूतिकक्षात शिरली आणि बाळंतिणींना प्रश्न विचारू लागली, तर चालेल का? अर्थातच नाही. नैतिक समितीची मान्यता, रुग्णाची लेखी संमती, उपकरणाच्या जोखमीची तपासणी, सारे मागितले जाईल, आणि योग्यच आहे. मग तीच शिस्त शीवला का नको? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की ज्या समाजावर संशोधन होते त्याला त्या संशोधनाचा लाभ मिळाला पाहिजे. २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम जोखमीप्रमाणे उपकरणांचे चार वर्ग करतात. नियम आहेत. ते हौसेच्या नावाखाली सैल होता कामा नयेत. गरिबाचे शरीर हे सरावाचे मैदान नाही.

दुसरे टोकही चूक

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बंद करा हे सारे. परक्यांना शिवेबाहेरच थांबवा. त्या मताशीही माझा तितकाच वाद आहे.

ज्ञान कधीच एका शिवेत राहिलेले नाही. दुधाची पेढी ही कल्पना १९०९ मध्ये व्हिएन्नात रुजली आणि ऐंशी वर्षांनी शीवला आली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची 'कांगारू' पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून, सुरू झाली. आमच्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात तिची शास्त्रशुद्ध चाचणी होऊन २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज श्रीमंत देशांतल्या नवजात-कक्षांतही आया तशा बसतात. गरिबांच्या प्रसूतिगृहातून निघालेली गोष्ट श्रीमंतांकडे गेली. आणि १८८३ मध्ये समुद्र ओलांडलेल्या आनंदीबाई जोशी? फिलाडेल्फियात १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. शिकायला गेलेली मुलगी सोबत घरचे ज्ञान घेऊन गेली होती. शिवेवर देवाणघेवाण होते तेव्हाच शीव जिवंत राहते. दार लावून घेणे हा स्वाभिमान नव्हे. ते भय आहे.

मंडन

मग क्षेत्रकार्य कसे असावे? नुसते खंडन करून उठणे न्यायाचे नाही, म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली, प्रश्न इथून निघावा. पवईच्या आयआयटीत २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने 'बेटिक' हे केंद्र उभे राहिले. पुढे नागपूर आणि पुण्याच्या अभियांत्रिकी संस्थांतही त्याची केंद्रे झाली. तिथे रीत अशी, की डॉक्टर आपली अडचण घेऊन येतो, अभियंता ती त्याच्या कामाच्या जागी जाऊन पाहतो, आणि चाचणी, परवाना व उत्पादक यांचा विचार आराखड्याबरोबरच सुरू होतो. परदेशी विद्यार्थ्याने यावे ते अशा चालत्या कामात हात द्यायला, बरोबरीने बसणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याच्या शेजारी.

दुसरी, यंत्र आणायच्या आधी बंद यंत्र दुरुस्त करावे. ज्याने तुंबलेली नळी साफ केली, त्याला रुग्णालयातली धूळ, वीज आणि माणसे कळतात. त्याचा आराखडा आपोआप नम्र होतो.

तिसरी, मूल्यमापन बदलावे. विद्यार्थी परतल्यावर 'यंत्र कुठे आहे?' हा प्रश्न गुण देण्यासाठी विचारू नये. 'जाताना जो प्रश्न घेऊन गेलात त्यातले चुकीचे काय होते?' हे विचारावे. ज्याच्याकडे याचे उत्तर आहे तो पास. ज्याच्याकडे फक्त यंत्र आहे, त्याने पुन्हा जावे.

चौथी आणि सर्वांत सोपी: परत येऊन सांगावे. यंत्र झाले, फसले, अडगळीत गेले, काय ते वॉर्डात येऊन सिस्टरला सांगावे. येणे जमले नाही तर कळवावे. तिच्या तासाची किंमत तेवढी तरी आहे.

साक्षी-पुरावे वाचकांसमोर आहेत. किंमत हा मुख्य अडसर असता तर लाखभर उपकरणांतली अडतीस टक्के बंद पडली नसती. ताजी नजर पुरेशी असती तर 'एम्ब्रेस'ला बंगळुरूत बिऱ्हाड करावे लागले नसते. यंत्र व्यवस्थेला वळसा घालू शकत असते तर गडचिरोलीत दारोदार चालणाऱ्या बाईची गरज पडली नसती. निवाडा आपण करावा.

मी सीमांतपूजनाच्या बाजूची आहे. पाहुणा हद्दीवर आला की सामोरे जावे, पाय धुवावेत, गूळपाणी द्यावे. पण त्या विधीचा हेतू पाहुण्याच्या थोरवीची पूजा हा कधीच नव्हता. सोयरीक जोडायला आलेल्यांना घरात घेण्याची ती पहिली पायरी होती. म्हणून गूळपाणी झाल्यावर मराठी घरात पाहुण्याला जे दोन प्रश्न हमखास विचारतात, ते शिवेवर आलेल्या या मुलामुलींनाही मोकळेपणाने विचारावेत. किती दिवस राहणार? आणि परत कधी येणार?